‘आपल्यात नसतं हो ते!’

थॅलेसेमिया मायनर हा शब्द आमच्या घरात शिरला त्याला आता पंचविसेक वर्षं होतील. तरी नातेवाइकांत तो अजून दबक्या आवाजातच उच्चारला जातो. यंदा आमच्या गोतावळ्यात दोन लग्नं ठरू घातली आहेत. मी दोन्हीकडे फोन करून एवढंच सांगितलं, की पत्रिका काय बघायच्या त्या बघा, पण मुलाचं आणि मुलीचं रक्त एकदा तपासून घ्या. दोन्हीकडून उत्तर एकच. "आपल्यात नसतं हो ते! ते सिंध्यांत असतं."

आता मी स्वतः मायनर. माझी मुलगी मायनर. नात मायनर. मग ‘आपल्यात’ म्हणजे नक्की कुणात? मला या कुळातून कधी वगळलं, ते तरी कळवायचं होतं!

सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत मायनरचं प्रमाण जास्त आहे हे खरंच आहे. पण जास्त आहे याचा अर्थ इतरांत नाही असा होत नाही. भारतात दर शंभर माणसांत तीन ते चार जण मायनर असावेत असा सर्वसाधारण अंदाज सांगतात. लग्नाच्या हॉलमध्ये पाचशे पानं उठली, तर त्यांत पंधरा-वीस जण असे जेवून गेले, असा हिशेब होतो. त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. कारण होत काहीच नाही. माणूस शिकतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. पीट सॅम्प्रास मायनर आहे आणि त्याने विम्बल्डन सात वेळा जिंकलं. मी विम्बल्डन जिंकलं नाही, पण छत्तीस वर्षं उभं राहून शिकवलं आहे.

माझा विषय मराठी आणि इतिहास. बी.ए.ला विज्ञानाचा वाराही लागला नव्हता. त्यामुळे हे प्रकरण मला जसं समजलं तसंच सांगते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा. बीटा साखळी तयार करायची कृती (स्वयंपाकातली म्हणा ना) आपल्याला दोन प्रतींत मिळते. एक आईकडून, एक वडिलांकडून. मायनर माणसाची त्यांतली एक प्रत बिघडलेली असते, दुसरी शाबूत असते. एकीवर काम भागतं. रक्तपेशी जरा लहान, जरा फिक्या होतात, पण शरीर त्या जास्त संख्येनं बनवून वेळ निभावतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर मात्र काम भागत नाही. तो थॅलेसेमिया मेजर. ते मूल जन्मताना छान असतं, आणि सहा महिने ते दोन वर्षांचं होईपर्यंत पांढरंफटक पडायला लागतं. मग दर दोन-चार आठवड्यांनी त्याला बाहेरून रक्त द्यावं लागतं.

आई-वडिलांपैकी एकच मायनर असेल तर मेजर मूल होत नाही. मुलं मायनर होतील किंवा अगदी नॉर्मल, दोन्हीची शक्यता निम्मी निम्मी. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता चारांत एक. ‘प्रत्येक’ हा शब्द अधोरेखित करा. पहिलं मूल मेजर झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. फासा दर वेळी नव्याने पडतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. तिथे तर दोघांचे आजी-आजोबा एकच, त्यामुळे एकच बिघडलेली प्रत दोन्हीकडे उतरलेली असण्याचा संभव आणखी वाढतो.

हे सगळं मला वयाच्या पन्नाशीत कळलं. त्याआधी मी फक्त ‘रक्त कमी असलेली’ होते. पहिल्या बाळंतपणाआधी हिमोग्लोबिन आठ. लोहाच्या गोळ्या. मग लोहाची इंजेक्शनं. ती इतकी दुखायची की रिक्षात तिरकं बसावं लागे, आणि कमरेवर काळपट डाग राहिला तो अजून आहे. हिमोग्लोबिन मात्र होतं तिथेच. सासूबाईंनी हळीव, खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली पालेभाजी, सगळं मायेनं केलं. पुढे कल्याणला एका डॉक्टरांनी सहा वर्षं गोळ्या चालू ठेवल्या, आणि फरक पडेना तेव्हा मलाच विचारलं, "नक्की घेता ना? की खिडकीतून टाकता?" चाळिशीतल्या बाईला, तीही शिक्षिकेला! तो प्रश्न मी विसरलेले नाही.

उत्तर त्याच कागदावर छापलेलं होतं. साध्या सीबीसीच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या खाली आणखी आकडे असतात आणि त्यांकडे फारसं कुणी बघत नाही. माझे सांगते. हिमोग्लोबिन १०.१. तांबड्या पेशींची संख्या ५३ लाख, म्हणजे रिपोर्टच्या भाषेत ५.३. पेशीचा सरासरी आकार, ज्याला एमसीव्ही म्हणतात, तो ६४. (नॉर्मल ८० च्या वर.) ज्याला खरंच लोह कमी पडतं, त्याच्या पेशी लहान असतात आणि संख्येनंही सहसा कमी. मायनरच्या पेशी लहान पण भरपूर. ६४ ला ५.३ ने भागा, १२ येतात. उत्तर १३ च्या खाली आलं तर मायनरची शंका घ्यावी, असा हा हिशेब आहे. मेंट्झर नावाच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये मांडला म्हणून त्याला मेंट्झर इंडेक्स म्हणतात. एक भागाकार. पाचवीच्या मुलाला येतो. हा नुसता इशारा असतो, निदान नव्हे. पक्कं निदान हिमोग्लोबिन ए-टू मोजून होतं. एचपीएलसी नावाच्या यंत्रावर ही तपासणी करतात. साडेतीन-चार टक्क्यांच्या वर ए-टू गेलं की बहुधा मायनर. माझं ५.१.

आमच्याकडे हे उलगडलं ते मुलीमुळे. २००१ साली तिला दिवस गेले तेव्हा पुण्यातल्या तिच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत एमसीव्हीवर बोट ठेवलं. ए-टू करून घेतलं, आणि रिपोर्ट आल्या दिवशीच जावयांना बोलावून त्यांचंही रक्त काढलं. तो रिपोर्ट यायला पाच दिवस लागले. ते मायनर निघाले असते, तर दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा अंश काढून बाळाची तपासणी करावी लागली असती, आणि मग पुढचा निर्णय. ते पाच दिवस मी काय स्वयंपाक केला मला आठवत नाही. मुलगी शांत होती. रात्री फोनवर म्हणाली, "आई, हे लग्नाआधी कळलं असतं तर नुसता एक रिपोर्ट असता. आता परीक्षा झालीय." जावई नॉर्मल निघाले.

त्यानंतर मी माझ्या तिन्ही भावंडांना पत्रं लिहिली. (तेव्हा पत्रंच लिहीत असू.) एकानं तपासून घेतलं. उरलेल्या दोघांकडून आलं ते वर शीर्षकात आहे.

माझ्या हट्टामागे एक मुलगाही आहे. १९८०च्या दशकात माझ्या वर्गात होता. मुरबाडकडचं शेतकरी कुटुंब, अस्सल मराठी, सात पिढ्यांत सिंध पाहिलेला नाही. दर तीन आठवड्यांनी वडील त्याला लोकलने मुंबईला मोठ्या रुग्णालयात रक्त द्यायला न्यायचे. परतल्यावर दुसऱ्या दिवशी गाल गुलाबी, आणि मधल्या सुट्टीत कबड्डीत सगळ्यांत पुढे. पंधरवडा उलटला की बाकावर डोकं टेकून बसायचा. हजेरी घेताना मी त्याच्याकडे बघून ओळखत असे, की आता रक्ताची तारीख जवळ आली. आठवीत होता पण उंची चौथीतल्या मुलाएवढी. बाहेरच्या रक्तातून जे लोह शरीरात साठतं, ते काढायचं औषध तेव्हा फार महाग. पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून पंपाने रात्रभर द्यायचं. त्यांना ते कुठून परवडणार? नववीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. आई-वडील दोघंही ठणठणीत होते. दोघांनाही आयुष्यात कधी काही झालं नव्हतं. तेच तर ना! मायनर असं ठणठणीतच असतं.

आज परिस्थिती तेवढी वाईट नाही. लोह काढायच्या गोळ्या निघाल्या आहेत. नीट रक्त आणि औषध मिळालेली मेजर मुलं पदवीधर होतात, नोकऱ्या करतात, लग्नं करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश झाला आहे. काहींना भावंडाच्या अस्थिमज्जेचं रोपण करून बरं करता येतं आणि त्यासाठी कोल इंडियाच्या निधीतून दहा लाखांपर्यंत मदत देणारी योजनाही २०१७ पासून आली. पण दर तीन आठवड्यांनी सुई, ती जन्मभर. ज्याला टाळता येण्यासारखं आहे त्यानं निदान माहीत तरी करून घ्यावं, की नाही?

आता मुख्य मुद्द्यावर येते. (इतका वेळ बाईंनी प्रस्तावनाच केली, असं माझे जुने विद्यार्थी म्हणतील.)

माझ्या नातीचं गेल्या वर्षी एका ठिकाणी जवळजवळ जमलं होतं. पोरगी सरळ. तिसऱ्या भेटीत तिनं मुलाला सांगितलं, की मी थॅलेसेमिया मायनर आहे, तू एकदा टेस्ट करून घे. (हे तिला विचारूनच लिहिते आहे. "बिनधास्त लिही आजी" म्हणाली.) मुलगा तयार होता. चार दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला, "रक्तातच दोष आहे म्हटल्यावर..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही आणि आम्हीही करायला लावलं नाही. मी एवढंच विचारलं, मुलाची तपासणी केलीत का? नाही. का नाही? "आमच्यात नसतं हो."

म्हणजे बघा. जिची तपासणी झाली ती दोषी, ज्याची झालीच नाही तो निर्दोष! शाळेत ज्यानं पेपर दिला तो पस्तीस मार्कांवर अडला आणि जो परीक्षेलाच बसला नाही त्याला पहिला नंबर, असा हा न्याय. आणि मुलगा खरंच नॉर्मल असेल तर नातीच्या मायनर असण्यानं काडीचाही धोका नव्हता. धोका कुठे आहे? तो मुलगा उद्या ‘निर्दोष’ अशा, म्हणजे न तपासलेल्या मुलीशी लग्न करील आणि दोघंही मायनर निघतील, तिथे आहे. नकार देऊन त्यांनी नक्की काय टाळलं, ते मला अजून समजलेलं नाही.

असं होतं म्हणून लोक लपवतात. आमच्याच एका घरात (नाव घालत नाही, वाचणाऱ्याला कळेल) मुलीचा रिपोर्ट कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे. "लग्न होऊ दे, मग बघू." मला त्या आईचा राग येत नाही. मुलीचं लग्न म्हटल्यावर आई काय काय गिळते ते मी पाहिलं आहे. पण ‘मग’ म्हणजे केव्हा? दिवस गेल्यावर? माझ्या मुलीचे ते पाच दिवस त्या मुलीच्या वाट्याला आणायचे?

आपण स्थळ बघताना काय काय विचारतो हो! नाडी एक आहे का. मंगळ आहे का. अलीकडे रक्तगटही विचारतात, आणि दोघांचा एकच निघाला तर नाक मुरडतात. जसं काही रक्तगटाचीही एकनाड होते. दोघांचाही बी पॉझिटिव्ह असला तर काही बिघडत नाही, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. ज्यानं काही होत नाही ते आवर्जून विचारायचं, आणि ज्यानं होतं त्याचा विषय काढला की "शुभ बोला"!

सायप्रस नावाचा एक लहानसा देश आहे, भूमध्य समुद्रात. तिथे दर सात माणसांत साधारण एक जण मायनर. १९८०च्या दशकापासून तिथल्या चर्चने लग्न लावण्याआधी दोघांच्या तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. रिपोर्ट काय आला ते पाद्री विचारत नाही. लग्न मोडत नाही. फक्त तपासणी झाली आहे आणि दोघांना माहीत आहे, एवढंच बघतो. मेजर मुलं जन्माला येणं तिथे जवळजवळ थांबलं. आपले गुरुजी विवाहापूर्वी सतरा गोष्टी मागतात. पाच पानं, सुपाऱ्या, नारळ, आंब्याचा टाळा. त्या यादीत एक कागद वाढवला तर कुठला देव रागावणार आहे?

मला स्वतःला विचाराल तर ही तपासणी लग्न ठरवताना नकोच. कॉलेजच्या पहिल्या वर्षी व्हावी, सगळ्यांची. स्थळ समोर असताना रिपोर्टकडे सरळ नजरेनं बघता येत नाही. अठराव्या वर्षी तो नुसता रिपोर्ट असतो. सगळ्यांचेच झाले की कुणाकडे बोट दाखवायला उरत नाही. आणि दोघंही मायनर निघालेच, तर लग्न करायचं की नाही ते त्या दोघांनी ठरवावं. मी काय किंवा आत्या-मामा काय, त्यात पडू नये. गरोदरपणात लवकर तपासणी करायची सोय आपल्याकडे कित्येक वर्षं आहे. परळला केईएमच्या आवारात याच विषयाची राष्ट्रीय संस्थाही आहे. प्रेम असेल त्यांनी खुशाल लग्न करावं, पण माहीत असून करावं.

आणखी एक. समोरचं माणूस विदर्भातलं किंवा नंदुरबार-सातपुड्याकडचं असेल तर त्या भागांत सिकल सेलचं प्रमाण मोठं आहे. एकीकडे थॅलेसेमिया मायनर आणि दुसरीकडे सिकल सेलचा वाहक, ही जोडीही बाळाला त्रासाची ठरू शकते. एचपीएलसीत दोन्ही दिसतात, वेगळं रक्त द्यावं लागत नाही.

‘तुमच्याकडून आलं’ हा वाद मात्र कृपा करून घालू नका. आमच्याकडे तो माझ्या आईपर्यंत आणि वडिलांपर्यंत जाऊन आला. दोघंही आज नाहीत, उत्तर कुणाला मिळणार? हॉल्डेन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये असा तर्क मांडला, की मायनर लोक मलेरियात जास्त तगत असावेत, म्हणून जिथे मलेरिया होता तिथे हा गुण टिकला. पुढच्या संशोधनाने त्याला बळच दिलं. (हा गृहस्थ पुढे भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि भुवनेश्वरला वारला. इतिहासाच्या शिक्षिकेला अशा गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.) आमचं मूळ कोकणातलं. हिवतापाने घरंच्या घरं बसत असत तिथे. माझी कुणी खापरपणजी त्या तापातून या ‘दोषा’मुळेच उठली असेल, तर आज सगळे नाकं मुरडायला शिल्लक आहेत ते तिच्यामुळे.

आता माझ्यासारख्या म्हाताऱ्या मायनर मंडळींसाठी थोडं. दर नवा डॉक्टर माझं हिमोग्लोबिन बघून दचकतो. मोतीबिंदूच्या वेळी ऑपरेशन दोन दिवस लांबलं ते याच्यापायी. तेव्हापासून ए-टूच्या रिपोर्टची प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून पर्समध्ये ठेवते, आणि ‘लोह लिहून द्यायच्या आधी फेरिटिन बघा’ असं नम्रपणे सांगते. मायनर माणसाला लोह कधीच कमी पडत नाही असंही नाही हं. पडू शकतं, आणि मग घ्यावंच. पण मोजून घ्यावं. नुसत्या हिमोग्लोबिनवरून वर्षानुवर्षं गोळ्या खाणं बरं नव्हे. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी तपासणी असते, ती रक्तपेशींवर अवलंबून असल्यानं आपल्या बाबतीत दर वेळी खरं बोलेल असं नाही. डॉक्टरांना आधी सांगून ठेवावं.

आणि उलटंही एक. सगळं मायनरच्या गळ्यात घालू नये. आपला नेहमीचा आकडा पाठ ठेवावा. माझा दहा. दोन वर्षांपूर्वी तो साडेआठवर आला. घरात म्हणाले, तुझं तर असंच असतं. माझं असं नसतं, माझं दहा असतं, म्हणून मी डॉक्टरांकडे गेले. बी-१२ फार खाली गेलं होतं. इंजेक्शनं झाली, आकडा पुन्हा दहावर आला. दमायला होतं का, असं मुली विचारतात. होतं. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी तीन जिने चढून न दमणारी बाई मला अजून भेटायची आहे.

धाकट्या भावाकडची दोन्ही नातवंडं परवा लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन आली. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझ्या नातीनं त्यांना नेलं. रिपोर्ट सोमवारी मिळतील. काय आले ते मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचे त्यांनी ज्याला सांगायचं त्याला सांगावं. थोरल्या घरून अजून होकार नाही. तिथे मी रविवारी स्वतःच जाते आहे, हळिवाचे लाडू घेऊन.